आई-बाबांचा बॅलन्स शीट

एका पायावर किती वेळ उभं राहता येतं तुम्हाला? लोकलमध्ये रोजची प्रॅक्टिस आहे म्हणा आपली! प्रश्न घरच्या सीनिअर मंडळींचा आहे.

बायकांचाच तोल लवकर जातो, असं सर्रास बोललं जातं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने २०२४ साली पन्नाशीपुढच्या ४० जणांची टेस्ट घेतली. कमी वापरातल्या पायावर उभं राहण्याची वेळ दर दहा वर्षांनी सुमारे २.२ सेकंदांनी घटत होती. बायकांची ताकद मुळात कमी, पण ती घटण्याचा वेग दोघांचा सारखाच!

मग फरक पडतो कुठे? पडल्यावर. पाळी गेली की इस्ट्रोजेन कमी होतं, हाडं ठिसूळ होतात. त्यामुळे बाथरूमची ओली फरशी तीच, पण खुबा मोडतो तो जास्त करून आईचा. आता बाबालोकांनी लगेच खूश होऊ नये. खुबा मोडल्यानंतर वर्षभरात दगावण्याचं प्रमाण पुरुषांत जास्त आहे. शिवाय ऑस्टिओपोरोसिस म्हणजे ‘लेडीज प्रॉब्लेम’, असं समजून त्यांची हाडं सहसा तपासलीच जात नाहीत.

आमच्या घरी मी हा प्रयोग केला. आई निमूटपणे ओट्याला धरून उभी राहिली. बाबा म्हणाले, ‘‘मला काय धाड भरलीय?’’ आणि पेपरमागे गडप.

तुम्ही या रविवारी ट्राय करा. आधाराला ओटा हवाच, आणि शेजारी तुम्ही. चहा उकळेपर्यंत आलटून पालटून एकेक पाय उचलायचा, रोज. आणि डॉक्टरांकडे हाडांच्या तपासणीचं विचाराल तेव्हा दोघांसाठी विचारा.