कालगणनेच्या वाटा – ९ : जुन्या तारखा, नवं गणित

जपानचा पहिला अधिकृत इतिहास म्हणजे ‘निहोन शोकी’. इ. स. ७२० मध्ये तो पुरा झाला. पहिला सम्राट जिम्मू गादीवर बसला त्याची तिथीच त्यात दिलेली आहे. साठ वर्षांच्या चक्रातलं अमुक वर्ष, पहिला महिना, पहिला दिवस. आपल्या हिशेबाने इ. स. पूर्व ६६०. पण त्या काळी जपानात लेखी पंचांगच नव्हतं. मग तिथी आली कुठून?

पंचांग जपानात आलं ते कोरियातून. ५५३ मध्ये दरबाराने कोरियातल्या पेकचे राज्याकडे पंचांगाचे जाणकार मागितले, आणि पुढच्या वर्षी ते आलेही. ६०२ मध्ये पेकचेचा भिक्षू कानरोकू पंचांगाचे ग्रंथ घेऊन आला. दरबाराने त्याच्या हाताखाली शिकायला माणसं दिली. ६९० मध्ये सम्राज्ञी जितोच्या राजवटीत ‘गेन्का’ आणि ‘गिहो’ ही दोन पंचांगं एकदम लागू झाल्याची नोंद आहे. पण गेन्का त्याआधीच वापरात असावं. आसुका इथल्या इशिगामी उत्खननात ६८९ सालच्या तिसऱ्या-चौथ्या महिन्याचं, लाकडी फळीवर लिहिलेलं पंचांग सापडलं, ते गेन्काचं आहे. जपानात सापडलेलं सर्वांत जुनं पंचांग ते हेच. वर्ष सरल्यावर कुणीतरी ती फळी गोल कापून दुसऱ्याच कामाला लावली होती.

दोन्ही पंचांगं मूळची चिनी. गेन्का हो चंग-थ्यान याचं, ४४५ पासून चीनमध्ये चाललेलं. गिहो ली छुन-फंग याचं, ६६५ चं. मराठी वाचकाला त्यांची घडण परकी वाटणार नाही. महिना चंद्राचा, वर्ष सूर्याशी जुळवलेलं, आणि ज्या चांद्रमासात सूर्याचं संक्रमण होत नाही तो अधिक. फरक बारीकसारीक. आपल्याकडे अधिक श्रावण आधी आणि निज श्रावण नंतर येतो. तिकडे सातवा महिना आधी आणि अधिक सातवा त्याच्या मागून. महिन्याचा पहिला दिवस म्हणजे सूर्य-चंद्राची युती ज्या दिवशी होते तो. आपण साठ संवत्सरं फक्त वर्षांना लावतो, तिकडे साठांचं चक्र दिवसांनाही लागतं, आणि ते अखंड चालतं. इतिहासकाराला हे चक्र म्हणजे वरदानच, कारण महिना कुठल्या दिवशी सुरू झाला हे त्यावरून पक्कं कळतं.

आता खरी गंमत. चांद्रमासाचं मध्यम मान गेन्कात २२२०७ भागिले ७५२ दिवस, गिहोत ३९५७१ भागिले १३४०. भागाकार करून पाहिला तर दोन्ही साडेएकोणतीस दिवसांहून किंचित जास्त, आणि फरक महिन्याला जेमतेम एका सेकंदाचा! रोजच्या व्यवहारात याला काय किंमत? पण हजार वर्षं मागे मोजत गेलं की सेकंदाला सेकंद जोडून साडेतीन तास होतात. मग युती मध्यरात्रीच्या आसपास पडली की एक पंचांग महिना आज सुरू करतं, दुसरं उद्या.

तोक्योच्या वेधशाळेतले खगोलशास्त्रज्ञ ओगावा कियोहिको यांनी नेमका हाच धागा पकडला. निहोन शोकीतल्या महिन्यांचे पहिले दिवस त्यांनी दोन्ही पंचांगांनी काढून ताडून पाहिले. पाचव्या शतकाच्या मध्यापासून पुढच्या तारखा गेन्काशी जुळल्या. त्याआधीच्या, थेट जिम्मूपर्यंतच्या, गिहोशी. म्हणजे जितकी घटना जुनी तितकं पंचांग नवं! सातव्या शतकात चीनमध्ये बनलेल्या पंचांगाने इ. स. पूर्व ६६० ची नोंद त्या काळी कुणी केली असणं शक्यच नाही. आठव्या शतकाच्या आसपास कुणीतरी बसून मागचे हजारांवर वर्षांचे महिने हिशेबाने मांडले होते. १९४० मध्ये जपान सरकारने जिम्मूच्या राज्यारोहणाची २६०० वर्षं थाटात साजरी केली होती. ओगावांचं संशोधन लोकांपुढे आलं ते युद्ध संपल्यावर.

ही खोटेगिरी होती असं मला वाटत नाही. ज्या दरबाराला चीनच्या तोडीचा इतिहास हवा होता, त्याने त्याच्याकडे असलेलं सर्वांत चांगलं गणित वापरलं. ६६० हे वर्ष मात्र का निवडलं, यावर मेजी काळातले इतिहासकार नाका मिचियो यांचं म्हणणं असं, की ६०१ पासून साठांची एकवीस चक्रं, म्हणजे १२६० वर्षं, मागे मोजून ते काढलं. चिनी समजुतीप्रमाणे एवढ्या काळाने मोठी उलथापालथ होते.

आज जपान ११ फेब्रुवारीला राष्ट्रस्थापना दिन पाळतो, तो याच तिथीचं मेजी काळात केलेलं रूपांतर. १९४८ मध्ये ही सुट्टी रद्द झाली होती, १९६७ पासून नव्या नावाने परत आली.

ओगावांच्या कितीतरी आधी शिबुकावा हारुमी याने याच तारखांशी झटापट केली होती. १६७७ च्या आपल्या कोष्टकात त्याने जिम्मूच्या काळी जपानचं स्वतःचं पंचांग होतं असं धरलं आणि आकडे तसे जुळवून दाखवले. त्याच हारुमीने पुढे ८६२ पासून चालत आलेलं ‘सेनम्यो’ पंचांग बदलून दाखवलं. आठशे वर्षांहून अधिक काळ एकच पंचांग का चाललं आणि तोवर ते दोन दिवस कसं चुकलं, ते पुढच्या आठवड्यात.