विंडो मॅक्सिमाइझ केली की नेमकी किती मोठी होते?

लॅपटॉपवर फॉर्म भरून होतो, पण 'जतन करा' हे बटण सापडत नाही. ते टास्कबारच्या मागे गेलेले असते. मॅक्सिमाइझ केलेली विंडो म्हणजे अख्खी स्क्रीन, असे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने गृहीत धरले की असे होते.

वर्क एरिया म्हणजे काय?

टास्कबार, पॅनेल किंवा डॉक यांनी राखून ठेवलेली जागा स्क्रीनमधून वजा केली की उरतो तो वर्क एरिया. मॅक्सिमाइझ केलेल्या विंडोला एवढीच जागा मिळते. समजा, स्क्रीन 1366 × 768 पिक्सेलची आहे आणि स्केलिंग 100 टक्के आहे. विंडोज 10 चा टास्कबार 40 पिक्सेल उंच असतो, म्हणून 728 पिक्सेल उंची उरते. विंडोज 11 मध्ये तो 48 पिक्सेलचा आहे, म्हणून 720. त्यातलीही काही जागा टायटल बार घेतो.

मग ठरावीक आकडा वजा केला तर?

तेवढ्याने भागत नाही. विंडोज 10 मध्ये टास्कबार डाव्या कडेला नेता येतो, आपोआप लपवताही येतो. उबुंटूमध्ये वर पट्टी आणि डावीकडे डॉक असतो, म्हणजे उंचीबरोबर रुंदीही घटते. मॅकवर वर मेनू बार असतो, तर डॉक खाली किंवा बाजूला. शिवाय स्केलिंग आहेच. 1920 × 1080 ची स्क्रीन 125 टक्क्यांवर ठेवली, तर बहुतेक प्रोग्रॅमना ती 1536 × 864 एवढीच भासते.

विचारायचे कोणाला?

थेट प्रणालीला. विंडोज आणि मॅक, दोन्हींमध्ये वर्क एरिया सांगणारी सोय आहे. लिनक्सच्या एक्स11 मध्येही आहे, पण दोन मॉनिटर जोडले असतील तर ती दोन्ही मिळून एकच आयत सांगते आणि हिशेब चुकतो. वेलँडमध्ये प्रोग्रॅमने आधी आकार ठरवायचाच नसतो. तो 'मला मॅक्सिमाइझ कर' अशी विनंती करतो आणि किती जागा मिळाली, ते कंपोझिटर कळवतो.

विंडोजची एक गंमत लक्षात ठेवावी. मॅक्सिमाइझ केलेल्या विंडोची न दिसणारी किनार स्क्रीनबाहेर जाते. त्यामुळे 1920 × 1080 च्या स्क्रीनवर विंडोज 10 विंडोचा आकार 1936 × 1056 असा सांगू शकते, म्हणजे रुंदी स्क्रीनपेक्षाही जास्त! म्हणून विंडोच्या बाहेरच्या मापाऐवजी आतल्या भागाचे माप घ्यावे.

थोडक्यात

प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने आधी विंडो मॅक्सिमाइझ करावी, मग मिळालेली जागा मोजावी आणि मजकूर मावत नसेल तर स्क्रोलची सोय द्यावी. वापरणाऱ्याचे बटण दडले असेल, तर टास्कबार 'आपोआप लपवा' वर ठेवून किंवा स्केलिंग कमी करून पाहावे. भरलेला फॉर्म वाया जाणार नाही.