माईकच्या बुडाला लागणारा ठोकळा: प्लग-ऑन ट्रान्समीटर

नेहमीप्रमाणे हा एपिसोडचा लेखी अवतार. माझे ‘अं’, ‘म्हणजे’ आणि मागे भुंकणारा सोसायटीतला कुत्रा एवढं काढून टाकलंय, बाकी बोललो तसंच.

वारीचा एपिसोड ऐकलेल्यांना दिवेघाटातल्या आजी आठवत असतील. पहिल्या वारीबद्दल सांगता सांगता त्यांचा आवाज तुटतो आणि एपिसोड पुढे सरकतो. बऱ्याच जणांनी विचारलं, आजी पुढे काय म्हणाल्या? रेकॉर्डिंगमध्ये ते नाहीच. मी समोर उभा होतो, पण लक्ष मीटरकडे होतं, त्यामुळे शब्द धड आठवत नाहीत. हे का झालं ते शोधताना त्या ठोकळ्याबद्दल जे कळलं, ते आज सांगतो.

तर ठोकळा म्हणजे प्लग-ऑन ट्रान्समीटर. साध्या वायरवाल्या माईकच्या बुडाशी एक्सएलआरच्या तीन पिना असतात. या ठोकळ्याला तीन भोकं असतात. केबलऐवजी हा खोचायचा, कडं फिरवून घट्ट करायचा, की तुमचा जुनाच माईक वायरलेस झाला. टीव्हीचे बातमीदार रस्त्यावर हातात धरतात त्या माईकखाली तो बऱ्याचदा दिसतो. शूटिंगमध्ये लांब काठीवरच्या शॉटगन माईकलाही लावतात, म्हणजे काठीवाला आणि रेकॉर्डिस्ट केबलने एकमेकांना बांधलेले राहत नाहीत.

आत काय चालतं? माईकमधून येणारा सिग्नल अगदी बारीक असतो, मिलीव्होल्टमधला. ठोकळा आधी तो वाढवतो. अ‍ॅनालॉग सिस्टीम असेल तर त्यानंतर आवाजातला चढउतार दाबून अर्धा करतात, एफएमवर चढवून पाठवतात आणि रिसीव्हर तो पुन्हा ताणून मूळ मापात आणतो. आपल्या भाषेत झिप-अनझिप. डिजिटल सिस्टीममध्ये आवाजाचे आकडे करून पाठवतात, त्यात काही मिलिसेकंद उशीर होतो, पण मुलाखतीत तो जाणवत नाही.

आता आजींकडे येऊ. बोलता बोलता त्या म्हणाल्या, “दे की रं माझ्याकडं, मी धरते.” मी म्हटलं, “घ्या की आजी.” त्यांनी माईक घेतला तो खालून, ठोकळ्यावर अख्खी मूठ आवळून. तिथेच आवाज फाटायला लागला.

कारण असं, की या ठोकळ्याला बहुतेक वेळा बाहेर आलेली अँटेना नसते. बऱ्याच मॉडेल्समध्ये माईकची धातूची बॉडी हा अँटेनाचा एक भाग आणि ठोकळ्याचं कवच हा दुसरा. आकडे बघा: ६०० मेगाहर्ट्झला तरंगलांबी ५० सेंटिमीटर, तिचा पाव भाग साडेबारा सेंटिमीटर. हातात धरायचा साधा माईक साधारण १६ सेंटिमीटरचा. म्हणजे माप बऱ्यापैकी जुळतं. पण जोडावर मूठ आवळली, की पाण्याने भरलेला हात अँटेनाला चिकटतो. ती बेसूर होते आणि बरीचशी ताकद हातातच जिरते. आणि मुळात ताकद असते किती? अशा ठोकळ्यांची साधारण १० ते ५० मिलीवॅट. तुमचा फोरजी मोबाइल गरज पडली तर २०० पर्यंत जातो. त्यात माझ्या आणि रिसीव्हर घेऊन उभ्या असलेल्या मित्रामध्ये दिंडीतली माणसं. माणसाचं शरीर रेडिओलहरी मस्त अडवतं, आणि २.४ गिगाहर्ट्झच्या छोट्या सेटना तर हे जास्तच नडतं, कारण तिथे प्रत्येकाचं वायफाय आणि ब्लूटूथही असतं. म्हणून आता मी माईक दुसऱ्याच्या हातात देतच नाही. द्यावाच लागला तर “वरच्या बाजूला धरा” म्हणून सांगतो, आणि रिसीव्हरवाल्याला गर्दीच्या आत, माझ्यापासून पाच-सहा पावलांवर उभा करतो.

दुसरी चूक पूर्णपणे माझी. आदल्या रात्री मी घरात, हळू आवाजात बोलून ठोकळ्यावरचं गेन लावलं होतं. घाटात मागून टाळ-मृदंग सुरू झाला, मीटर लाल झालं. मी काय केलं, तर रिसीव्हरचा आवाज कमी केला. लाल दिवा गेला, मी खूश! पण सिग्नल फाटला होता ठोकळ्यात, पहिल्याच पायरीवर. झिप करण्याआधीच फाईल करप्ट झाली असेल, तर अनझिप करताना काय दुरुस्त होणार? रिसीव्हरने फाटका आवाज फक्त हळू करून दिला.

गेन ठोकळ्यावरच लावायचं, आणि ते माईक बदलला की बदलतं. एसएम५८ सारखा डायनॅमिक माईक ज्या आवाजाला १.८५ मिलीव्होल्ट देतो, त्याच आवाजाला एनटीजी२ हा शॉटगन १५ देतो. आठपट, म्हणजे १८ डेसिबलचा फरक! एकाचं सेटिंग दुसऱ्याला चालणारच नाही. तिथे जो सगळ्यात मोठा आवाज होणार असेल त्यावर लावा आणि वर थोडी जागा सोडा.

शॉटगनवरून आठवलं. कंडेन्सर माईकला ४८ व्होल्टची फँटम पॉवर लागते आणि ती प्रत्येक ठोकळा देत नाही. सेनहायझरचा एसकेपी १०० देत नाही, त्याचा थोरला भाऊ एसकेपी ५०० जी४ देतो. भाड्याने आणताना हे विचारा, नाहीतर लोकेशनवर नुसती शांतता ऐकू येईल. (अनुभव आहे.) एनटीजी२ मध्ये पेन्सिल सेल घालता येतो, त्यामुळे तो साध्या ठोकळ्यावरही चालतो. फँटम चालू असताना ठोकळ्याची बॅटरी लवकर संपते, हेही धरून चला.

अजून एक उपयोग मला फार आवडतो. गावात व्याख्यान असेल, तर साउंडवाल्याच्या मिक्सरच्या एक्सएलआर आउटपुटमध्ये हाच ठोकळा खोचायचा. वक्त्याचा स्वच्छ आवाज थेट तुमच्या कॅमेऱ्यात. फक्त तिथे सिग्नल मिलीव्होल्टमध्ये नसतो, एक व्होल्टच्या आसपास असतो, म्हणून गेन पार खाली. आणि फँटम बंद! ४८ व्होल्ट उलटे मिक्सरमध्ये गेले, तर साउंडवाले दादा पुढच्या वेळी दारातही उभं करणार नाहीत.

यंदाच्या वारीत ठोकळा नेणार आहे, पण माझ्या खिशात वेगळा रेकॉर्डरही चालू असेल. आजी भेटल्या तर बघू.