शिक्षण : वारसा की संधी?

वडिलोपार्जित जमीन, घर, दागिने यांची मोजदाद करता येते. परंतु एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जाणारी एक मिळकत सातबाराच्या उताऱ्यावर कधीच उमटत नाही. ती म्हणजे शिक्षण. ज्या घरातील आजोबा शाळेत गेले, तेथे नातवाला प्रवेशाचा अर्ज कोठे व केव्हा भरावा हे वेगळे शिकवावे लागत नाही. ज्या घरात अक्षर पोहोचले नाही, तेथे हुशार मुलासही पहिल्या पायरीपासून वाट शोधावी लागते. ही दरी आपोआप बुजत नाही. ती बुजविणे अथवा रुंदावणे बहुतांशी शासनाच्या धोरणावर अवलंबून असते.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगासमोर नेमके हेच मांडले. महसूल रयतेच्या घामातून येतो, शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना मिळतो, हे दाखवून त्यांनी बारा वर्षे वयापर्यंत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली. बडोद्यात सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात असा प्रयोग केला व १९०६ मध्ये तो संपूर्ण संस्थानात लागू केला. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. त्यापूर्वीच, १९०१ पासून, त्यांनी वसतिगृहांना आश्रय दिला होता. कारण खेड्यातील मुलाला फी माफ झाली तरी शहरात राहण्या-जेवण्याचा प्रश्न उरतोच, हे त्यांनी ओळखले होते.

याउलट ब्रिटिश मुलखात नामदार गोखले यांचे १९११ चे प्राथमिक शिक्षण विधेयक पुढील वर्षी १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचे उद्दिष्ट ठेवले. परंतु तो मूलभूत हक्क होण्यास २००२ ची घटनादुरुस्ती आणि प्रत्यक्ष अंमलास १ एप्रिल २०१० उजाडावा लागला. १९५१ मध्ये देशातील साक्षरता सुमारे १८ टक्के होती, स्त्रियांची तर ९ टक्क्यांहून कमी. २०११ मध्ये एकूण साक्षरता सुमारे ७३ टक्के झाली. ही प्रगती मोठीच. तथापि मधल्या काळात शाळेबाहेर राहिलेल्यांचा तोटा त्यांच्या मुलांच्याही खाती जमा झाला.

उच्चशिक्षणाच्या दाराशी हाच प्रश्न दुसऱ्या रूपाने उभा राहतो. कर्जासाठी तारण मागणे म्हणजे एका अर्थाने मागील पिढीने काय साठविले, हे विचारणे होय. ज्यांच्या पूर्वजांनी काही मागे ठेवले नाही, त्यांची गुणवत्ता येथेच अडते. म्हणूनच २००१ च्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत चार लाख रुपयांपर्यंत तारण नसणे, २००९ पासून अल्प उत्पन्न गटासाठी शिक्षणकाळातील व्याजाचे अनुदान आणि २०१५ पासून साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जास पतहमी, या तरतुदींचे मोल मोठे आहे. २०२४ च्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेने निवडक दर्जेदार संस्थांत प्रवेश मिळविणाऱ्यांसाठी विनातारण, विनाजामीन कर्जाची वाट खुली केली. वडिलांच्या मालमत्तेऐवजी मुलाच्या भावी कमाईवर विश्वास ठेवण्याचे हे धोरण आहे.

अर्थात, कर्ज हे शिष्यवृत्ती किंवा चांगल्या सरकारी शाळेला पर्याय नव्हे. पदवीनंतर रोजगार न मिळाल्यास तेच कर्ज घरातील पहिल्या पदवीधराच्या पायातील बेडी ठरते. म्हणून अभ्यासक्रमाची निवड, परतफेडीचा हप्ता व अनुदानाची मुदत यांची माहिती वेळेवर मिळणे महत्त्वाचे. सुशिक्षित घरात ही माहिती जेवणाच्या पंगतीत मिळते. इतरांना ती शाखेच्या खिडकीवरच मिळू शकते. घरात पहिल्यांदाच महाविद्यालयाची पायरी चढणाऱ्या विद्यार्थ्याला तेथे चार मिनिटे अधिक दिली गेली, तर कागदावरील धोरण त्या घराच्या पुढच्या पिढीपर्यंत पोहोचेल.