सी-१४ कुणाची?

कोथरूडच्या यशवंतराव चव्हाण नाट्यगृहात रविवारचा प्रयोग. तिकीटबारीवर प्लॅन उघडला की सी-१४वर पेन्सिलची फुली, तिकीट हातात, पैसे गल्ल्यात. कागद एक आणि पेन्सिलही एकच, त्यामुळे भांडणाला जागा कमी.

मोबाइलवर ही पेन्सिल हजारो हातांत जाते. समजा, डहाणूकर कॉलनीतल्या काकूंनी आणि पौड रस्त्यावरच्या एका तरुणाने एकाच क्षणी सी-१४वर बोट ठेवलं, तर?

२००९ साली आलेल्या माँगोडीबीसारख्या डॉक्युमेंट डेटाबेसमध्ये माहिती तक्त्यांत विखुरत नाही. प्रयोगाची तारीख, दर, खुर्च्या असं सगळं एकाच डॉक्युमेंटमध्ये राहू शकतं. त्या एका डॉक्युमेंटमधला बदल पूर्ण तरी होतो, नाहीतर होतच नाही. अडतं ते खुर्ची एका डॉक्युमेंटमध्ये आणि काकूंच्या वॉलेटमधली शिल्लक दुसऱ्यात असली की. पैसे वजा झाले आणि तेवढ्यात सर्व्हर बसला, तर काकूंना ना खुर्ची ना पैसे!

त्यावरचा उपाय म्हणजे ट्रान्झॅक्शन: दोन्ही नोंदी एकत्र पक्क्या, नाहीतर दोन्ही रद्द. कल्पना जुनी आहे. त्यावर पायाभूत काम करणाऱ्या जिम ग्रे यांना १९९८चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. माँगोडीबीत मात्र अनेक डॉक्युमेंटांना कवेत घेणारी ट्रान्झॅक्शन २०१८ साली, ४.० आवृत्तीत आली. डेटा अनेक सर्व्हरवर वाटलेला असेल, तर त्यासाठी २०१९ची ४.२ उजाडावी लागली. आता काकूंच्या ट्रान्झॅक्शनने सी-१४ला आधी हात लावला, तर तरुणाच्या ट्रान्झॅक्शनला ‘राइट कॉन्फ्लिक्ट’ची चूक येते. प्रोग्रामने ती पुन्हा चालवायची. तोवर खुर्ची गेलेली दिसते.

सोय मिळाली म्हणून ऊठसूट वापरायची नाही. एकत्र बदलणारी माहिती शक्यतो एकाच डॉक्युमेंटमध्ये ठेवावी, हेच शहाणपणाचं. शिवाय ट्रान्झॅक्शनला मुळातली मुदत ६० सेकंदांची. काकू चष्मा शोधून ओटीपी टाकेपर्यंत ती उघडी ठेवणं हा निव्वळ आळशीपणा. त्यापेक्षा खुर्ची काही मिनिटं ‘राखीव’ करून ट्रान्झॅक्शन मिटवावी आणि पैसे आल्यावर दुसरी उघडावी.

बँक मात्र या डेटाबेसच्या कुंपणाबाहेरच. तिथले कापलेले पैसे माँगोडीबी परत फिरवू शकत नाही. यूपीआयने पैसे गेले आणि दुकानदाराला खात्रीचा निरोप पोचला नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९च्या परिपत्रकानुसार व्यवहारानंतर ५ दिवसांच्या आत ते आपोआप परत यायला हवेत; त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही न मागता.