औषधाची पावडर मोजायला काटा कसा निवडाल?

बाटलीच्या झाकणानं पावडर मोजायची सवय आपल्याकडं अजून गेलेली नाही. तेच झाकण दाबून भरलं तर जास्त बसतं, सैल भरलं तर कमी. इमामेक्टिनसारखं औषध 10 लिटरला 4 ग्रॅमच्या आसपास लागतं. तिथं ग्रॅमाग्रॅमनं सरकणारा स्वयंपाकघरातला काटा कामाचा नाही, अर्धा ग्रॅम इकडंतिकडं झालेला कळतच नाही. जास्त पडलं तर पान करपतं, कमी पडलं तर अळी मरत नाही. म्हणून 0.1 ग्रॅम दाखवणारा काटा घ्या.

दांडीचा छोटा तराजू मिळाला तर वाईट नाही, त्याला सेल लागत नाही. पण दुकानातच तपासा. पारडी रिकामी असताना काटा मधोमध थांबला पाहिजे. मग एका पारड्यात वजन, दुसऱ्यात माल ठेवून जुळवा आणि दोन्हींची अदलाबदल करा. आता दांडी झुकली तर तिचे दोन्ही हात सारखे नाहीत. तो तराजू तिथंच ठेवून या. बांधावर वाऱ्यात मोजू नका, पारडं हलतं आणि भुकटी नाकात जाते ते वेगळंच.

इलेक्ट्रॉनिक घेतला तर सोबत चाचणीचं वजन मागा. तेच वजन चार वेळा उचलून ठेवा, आकडा दरवेळी तोच यावा. नाणं ठेवून बघणार असाल तर 5 रुपयाचं जुनं जाड रुपेरी नाणं 9 ग्रॅमचं आहे, नवी हलकी आहेत. सेल उतरला की आकडा भटकतो.

घरच्या वापराला वैध मापन खात्याचा शिक्का लागत नाही, तो व्यापाऱ्याच्या काट्याला लागतो. औषधाचा काटा मात्र कितीही धुतला तरी पुन्हा चुलीजवळ न्यायचा नाही.