नक्षीकाराच्या घरातला हिवाळा

आपल्याकडे शाळेची मोठी सुट्टी उन्हाळ्यात असते, काश्मीर खोऱ्यात ती हिवाळ्यात. २१ डिसेंबरपासून पुढचे चाळीस दिवस तिथे सर्वांत कडक थंडीचे असतात. त्यांना ‘चिल्लाई कलान’ म्हणतात. मग वीस दिवसांचे ‘चिल्लाई खुर्द’ आणि शेवटी दहा दिवसांचे ‘चिल्लाई बच्चा’. हे शब्द आपल्याला परके नाहीत. आपल्या घरांत बाळंतिणीचा चाळीस दिवसांचा ‘चिल्ला’ असतो, आणि ‘खुर्द’ म्हणजे लहान, हे आपल्या गावांच्या नावांत आहेच. या दिवसांत नळाचे पाणी गोठते, दल सरोवराच्या कडेला बर्फाचा पापुद्रा धरतो आणि मुले जवळपास फेब्रुवारीअखेरपर्यंत घरी असतात.

गेल्या नाताळच्या सुट्टीत आम्ही सहकुटुंब श्रीनगरला गेलो होतो. आमच्या गावी दर हिवाळ्यात शाली विकायला येणारे एक चाचा आहेत. त्यांचे मेहुणे तांब्याच्या भांड्यांवर नक्षी कोरतात, म्हणजे ते ‘नक्काश’ आहेत. “आमच्याकडे जाल तर थंडीतच जा, तेव्हा सगळे घर एका खोलीत भेटते,” असे चाचांनी बजावले होते. ते अगदी खरे निघाले.

एका भांड्यामागे पाच हात

झेलमच्या काठच्या जुन्या शहरात जैना कदल नावाचा पूल आहे. पंधराव्या शतकात, १४२० ते १४७० या काळात, राज्य करणाऱ्या सुलतान जैनुल आबिदीन यांच्या नावाचा हा पूल. लोक त्यांना प्रेमाने ‘बडशाह’ म्हणतात. काश्मीरमधल्या अनेक कलांना त्यांनी आश्रय दिला. त्याआधी चौदाव्या शतकात हजरत मीर सय्यद अली हमदानी (रह.) यांच्याबरोबर इराण व मध्य आशियातून कारागीर आले, असे तिथली परंपरा सांगते. आजही या परिसरातल्या गल्ल्यांत शिरले की आधी ठोक्यांचा आवाज येतो आणि मग दुकान दिसते.

आमची समजूत होती की एकच कारागीर भांडे घडवतो आणि तोच नक्षी कोरतो. नक्काशसाहेबांनी ती पहिल्याच दिवशी दूर केली. तांब्याचा पत्रा कापून, ठोकून भांड्याला आकार देणारा वेगळा. तांबे ठोकता ठोकता कडक होत जाते आणि चिरण्याची भीती असते, म्हणून त्याला मध्येमध्ये भट्टीत लाल करून पुन्हा मऊ करावे लागते. जोडावर टाकणखार घालून डाख देण्याचे कामही त्याचेच. त्यानंतर भांडे नक्काशाकडे येते. मुलामा चढवणारा ‘जरकोद’, चकाकी देणारा ‘रोशनगर’ आणि चरकावर शेवटचा हात फिरवणारा ‘चरखगर’, असे आणखी तिघे. आतून कल्हई होते ती निराळीच. म्हणजे दुकानात मांडलेल्या एका सामोवारमागे पाच-सहा घरांची चूल असते.

आपल्याकडे तांब्याची भांडी म्हणजे पाण्याचा हंडा, बंब आणि तपेली. काश्मीरमध्ये ती थेट दस्तरखानावर येतात. लग्नाच्या वाजवानमध्ये ‘त्रामी’ नावाच्या मोठ्या ताटात चार जण एकत्र जेवतात. त्यावर घुमटासारखे झाकण असते, त्याचे नाव ‘सरपोश’. जेवणाआधी पाहुण्यांचे हात धुवायला ‘तश्त-नारी’, म्हणजे तस्त आणि तोटीचा लोटा, बसल्या जागी फिरवला जातो. चहाचा सामोवार तर घरोघरी. त्याच्या पोटात मधोमध उभी नळी असते, तिच्यात कोळसे घालतात आणि भोवती चहा उकळतो. विजेशिवाय तो तासन्‌तास गरम राहतो. चिल्लाई कलानमध्ये वीज वारंवार जाते, तेव्हा त्याची किंमत कळते.

एका खोलीतला संसार

या घरात सात माणसे. नक्काशसाहेब, त्यांच्या पत्नी, आई, धाकटा भाऊ, अकरावीतला मुलगा, आठवीतली मुलगी आणि सहा वर्षांचा शेंडेफळ. उन्हाळ्यात ही मंडळी तीन मजल्यांवर विखुरलेली असतात, हिवाळ्यात खालच्या एका खोलीत येतात. खिडकीजवळची जागा नक्काशसाहेबांची, कारण नक्षीला उजेड लागतो. दिवस लहान, त्यात आभाळ आलेले, म्हणून दुपारचे चार-पाच तास ते सहसा उठत नाहीत. अंगात पायघोळ फेरन आणि फेरनच्या आत कांगडी, म्हणजे वेताच्या टोपलीत बसवलेले निखाऱ्यांचे मातीचे भांडे. तांबे उष्णता झटकन ओढून घेते, त्यामुळे थंडीत भांड्याला हात लावला की बोटे बधिर होतात. थोडे कोरायचे, मग कांगडीवर बोटे शेकायची. बधिर बोटातली छिन्नी घसरली तर महिन्याचे काम एका रेषेने बिघडते.

घरातल्या बायांचा हिवाळा सप्टेंबरमध्येच सुरू होतो. वांगी, टोमॅटो, दुधी चिरून उन्हात वाळवायचे, दोरीत ओवून टांगायचे. बर्फाने रस्ते बंद झाले की हीच ‘होख स्युन’, म्हणजे सुकी भाजी, कामाला येते. आपल्या कोकणातल्या पावसाळी बेगमीसारखेच हे. सकाळी भाऊ आली कदलहून हरीसा घेऊन आला. रात्रभर शिजवून घोटलेल्या मटणाचा हा पदार्थ फक्त थंडीत मिळतो आणि न्याहरीलाच खातात. दुपारी सामोवारमधून ‘नून चाय’ आली. मिठाचा गुलाबी चहा पाहून आमच्या मुलांनी आधी तोंडे वाकडी केली, पण तिसऱ्या दिवशी दादींकडे दुसरी पेली मागत होती.

कंपासपेटी आणि परकार

आम्ही दोघेही शिक्षक, त्यामुळे आमचे लक्ष कामाबरोबर शिकण्याकडेही होते. नक्काशसाहेब नववीत शाळा सोडलेले. त्यांनी कागदाचा एक गोल कापला, पाच वेळा घडी घातली आणि उलगडला. बत्तीस सारखे भाग तयार! त्रामीच्या काठावर बत्तीस बदाम बसवायचे तर कोनमापक लागत नाही. मग परकाराने एक वर्तुळ काढले आणि तेवढेच अंतर ठेवून परिघावर खुणा करत गेले. सहाव्या खुणेनंतर टोक बरोबर पहिल्या खुणेवर आले आणि सहा पाकळ्यांचे फूल उमटले. त्रिज्येने परिघाचे सहा समान भाग होतात, हे आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर शिकवतो. तांब्यावर ते पाहताना आमच्या मुलाला पहिल्यांदा पटले.

चिनारचे पान, बदाम, मेहराब, वेलबुट्टी या इथल्या जुन्या नक्ष्या. शिकणाऱ्याच्या हाती त्या लगेच येत नाहीत. आधी टाकाऊ पत्र्यावर ठिपके, मग सरळ रेषा, मग वळण. एका दमाची वळणदार रेषा जमायला वर्ष गेले, असे नक्काशसाहेब म्हणाले. हे सगळे ते हिवाळ्याच्या सुट्ट्यांत वडिलांशेजारी बसून शिकले. सुट्टी हीच त्या घरची शाळा होती.

नक्षीचे वजन

आता त्या जागी कोण बसणार, हा घरातला खरा प्रश्न. मोठा मुलगा सकाळी शिकवणीला जातो. त्याला इंजिनिअर व्हायचे आहे. नक्काशसाहेबांनी त्याला कधी अडवले नाही. दादींना मात्र ते सलते. “चार पिढ्यांची छिन्नी आहे, ती काय मोडीत घालायची?” असे त्या आमच्यासमोरच म्हणाल्या. मुलगा मान खाली घालून गप्प बसला. मग नक्काशसाहेबांनी समजावले, “अम्मी, बाजारात त्रामी वजनावर विकली जाते. व्यापारी ती तराजूत टाकतो. मी दोन दिवस कोरले काय आणि वीस दिवस कोरले काय, तराजूला कळत नाही. नक्षीला वजन नसते.”

त्या वाक्यानंतर खोलीत बराच वेळ कोणी बोलले नाही.

मजुरी काहीच वाढत नाही असे नव्हे. बारीक कामाला थोडे जास्त मिळते, पण वेळेच्या मानाने फार कमी. त्यात यंत्रावर ठसे मारलेली भांडी बाजारात आली आहेत. ती लवकर होतात आणि स्वस्त पडतात. गिऱ्हाईक दुरून पाहते, दोन्हींवर चिनार दिसतो, मग ते स्वस्त घेते. यावर २००६ साली तिथे कायदा झाला आणि ठरावीक तांब्याची भांडी यंत्रावर बनवण्यास बंदी आली. तरीही यंत्राचा माल दुकानांत दिसतोच. २०२१ मध्ये युनेस्कोने हस्तकला व लोककलांसाठी श्रीनगरला सर्जनशील शहरांच्या यादीत घेतले. नक्काशसाहेबांना त्याचा अभिमान आहे. “शहराला मान मिळाला. आता हाताला भाव मिळू दे,” एवढेच ते म्हणाले.

तिसऱ्या दुपारी आठवीतल्या मुलीने आपली वही आणून आमच्यापुढे ठेवली. घरातल्या जुन्या भांड्यांवरच्या साऱ्या नक्ष्या तिने पेन्सिलने उतरवल्या होत्या, काही स्वतःच्याही रचल्या होत्या. हात असा स्वच्छ की आम्ही पाने उलटतच राहिलो. दोन वर्षांपासून अब्बूंच्या कामासाठी कागदावरचे आराखडे तीच काढते, हे तेव्हा कळले. छिन्नी मात्र तिला कोणी दिली नव्हती. तिने मागितली तेव्हा हसून विषय टाळला गेला. या कामावर आजवर पुरुषच बसत आले.

आम्ही पाहुणे, त्यामुळे सल्ला देणे बरे दिसले नसते. बोलल्या त्या तिच्या अम्मी. “मुलगा शिकणार नाही म्हणून तुम्ही दुःख करता. जी शिकायला तयार आहे तिच्याकडे का पाहत नाही?” नक्काशसाहेब म्हणाले, “मुलगी आहे म्हणून नाही म्हणत. ज्या कामात पोट भरत नाही ते तिच्या हाती कशाला देऊ?” त्यावर मुलगी हळूच म्हणाली, “अब्बू, मी शाळा सोडणार नाही. फक्त सुट्टीत बसेन. तुम्ही पण सुट्टीतच शिकलात ना?”

दादींनी तसबीह बाजूला ठेवली. सूरह सबामध्ये हजरत दाऊद (अ.) यांच्यासाठी लोखंड मऊ केल्याचा आणि हजरत सुलैमान (अ.) यांच्यासाठी वितळलेल्या तांब्याचा झरा वाहवल्याचा उल्लेख आहे, त्याची त्यांनी मुलाला आठवण करून दिली. “अल्लाहने ज्या धातूला इज्जत दिली त्याचे काम शिकवायला लाजू नकोस,” त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने नक्काशसाहेबांनी पेटीतून सर्वांत लहान छिन्नी काढली, टाकाऊ पत्र्याचा तुकडा पुढे सरकवला आणि खिडकीजवळ थोडी जागा केली. पहिल्या दिवशी नुसते ठिपके. मोठा भाऊ शिकवणीहून आला, त्याने ते मोजले आणि म्हणाला, “अब्बू, हिच्या ठिपक्यांतले अंतर माझ्यापेक्षा सारखे आहे.” दादी तेव्हा पहिल्यांदा हसल्या.

आपण काय करू शकतो?

कारागिराचे घर टिकवणे केवळ सरकारच्या हातात नाही, गिऱ्हाइकाच्याही हातात आहे. काश्मीरला गेलात किंवा एखाद्या प्रदर्शनात तांब्याचे भांडे घेतलेत, तर चार गोष्टी पाहा. नक्षीवरून बोट फिरवा. हाताच्या कामात रेषेची खोली किंचित कमी-जास्त लागते आणि दोन बदाम तंतोतंत सारखे नसतात. यंत्राच्या ठशात सगळे एकसारखे असतात. पत्रा किती जाड आहे ते पाहा. दुकानदाराला विचारा की हे कोणी आणि किती दिवसांत कोरले. चार गिऱ्हाइकांनी विचारले की पाचव्या वेळी तो कारागिराचे नाव सांगायला शिकतो. आणि आतली कल्हई नीट तपासा. कल्हई नसलेल्या तांब्यात चिंच, दही, लिंबू असे आंबट पदार्थ कधीच ठेवू नयेत, तब्येतीला अपाय होतो. कल्हई केलेले भांडे तारेच्या काथ्याने घासू नये.

आपल्या गावातही हाताने काम करणारे आहेत. भट्टीवर भांडे तापवून नवसागर टाकणारा आणि कथिलाचा हात फिरवणारा कल्हईवाला आता क्वचित दिसतो. लोहार, शिकलगार, जरीकाम करणाऱ्या भगिनी या सगळ्यांच्या घरी एखादे मूल सुट्टीत शेजारी बसून पाहत असेल. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे शिकू द्यावे, अशी सूचना आहे. शाळा ते करील तेव्हा करील. तोवर सुट्टीतली एक दुपार आपल्या मुलांना अशा एखाद्या कारागिराकडे न्यायला काय हरकत आहे? भूमिती तिथेही शिकता येते, सबुरीही शिकता येते, आणि हलाल कमाईच्या एका रुपयामागे किती ठोके असतात तेही कळते.

फेब्रुवारीच्या शेवटी शालवाले चाचा परतीच्या वाटेवर आमच्याकडे आले. मोबाइलवर त्यांनी भाचीने कोरलेल्या एका छोट्या ताटलीचे छायाचित्र दाखवले. सहा पाकळ्यांचे फूल होते. चौथी पाकळी जरा वाकडी झाली आहे, तरी अब्बूंनी ती ताटली विकायला नाही, घरातच ठेवली आहे, असे चाचा म्हणाले. मार्चमध्ये शाळा उघडेल, छिन्नी पेटीत जाईल आणि पुढच्या हिवाळ्यात इन्शाअल्लाह पुन्हा बाहेर येईल.